परशरामच्या नावाचा दिवा

आमच्या आईला जपानची जेवढी माहिती होती तेवढी बेळगावच्या कलेक्टरलाही नसेल. तिथं आपल्यासारखाच भात पिकतो, लोक जमिनीवर बसून जेवतात, घरात शिरताना पायताण बाहेर काढतात, हे सगळं तिनं कुणाकुणाला विचारून गोळा केलं होतं. बेळगावापलीकडे न गेलेल्या बाईला जपानशी काय करायचं होतं? तर तिचा मुलगा तिथं होता. म्हणजे तिथंच असणार, असं ती धरून चालली होती.

परशराम माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा. आमचं गाव नंदगडच्या पुढं. लोंढ्यावरून बळ्ळारीकडच्या तांबड्या, लोखंडाच्या मातीच्या मालगाड्या मुरगाव बंदराला जातात आणि तिथून ती माती बोटीत भरून जपानला जाते, एवढं आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. अण्णाचं शेतात मन नव्हतं. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच तो बंदरावर कामाला गेला आणि तिथून एका बोटीवर चढला. पहिल्या फेरीहून येताना आईला हातपंखा आणला, वहिनीला रेशमी रुमाल. दुसऱ्या फेरीची बोट आली, पण हा आला नाही. तिकडच्या एका बंदरात उतरला आणि बोट सुटायच्या वेळी परतलाच नाही, असं कंपनीच्या माणसानं सांगितलं. मेला म्हणावं तर कुणी पाहिलं नाही, आणि जिवंत म्हणावं तर नऊ वर्षांत कसला निरोप नाही. गाव काय, गावाला हाड नसलेली जीभ. त्यानं तिकडं दुसरं बिऱ्हाड थाटलं, म्हणून मोकळे झाले. मलाही तसंच वाटायचं, आणि वाटलं की डोकं उठायचं.

कारण माझी वहिनी, मनुबाई. नवरा गेला तेव्हा तेवीसची होती, आता बत्तिशीची. पदरात मूल नाही. कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि डोक्यावर सासूचं घर. माहेरी जा म्हटलं तर गेली नाही. भांगलण, म्हशी, आईचं दुखणंखुपणं सगळं तिच्या अंगावर. लोंढ्याला पिठाची गिरणी चालवणारा देवाप्पा म्हणून एक विधुर माणूस होता, सरळ, अबोल. त्यानं वर्षापूर्वी माझ्या नवऱ्यामार्फत विचारलं होतं, मनुबाईंशी पाट लावायला मी तयार आहे. आमच्यात दुसरेपणाला पाट लावतात, त्यात काही लाजायचं नाही. मी वहिनीला आडून विचारलं. ती म्हणाली, आत्यांनी जा म्हटलं तर जाईन, न्हाईतर न्हाय. आणि आत्या, म्हणजे आमच्या मातोश्री, म्हणायच्या की माझा ल्योक जित्ता हाय, जित्त्या माणसाच्या बायकूचा पाट लावायचा आसतो व्हय? त्यावरून मी आईशी दोनदा कडकडून भांडले होते. देवाप्पा अजून थांबला होता, पण माणूस किती थांबणार?

अशात चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत बेळगावला जपानी मेळा आला. कुठल्याशा मंडळाचे जपानी पाहुणे गावोगाव फिरत होते, त्यांनी किल्ल्याच्या तळ्याकाठी दोन दिवस मांडव घातला. मी बेळगावातच, वडगावच्या शाळेत मास्तरीण. आमच्या शेजारच्या मागवाल्यानं ही बातमी मागाच्या खडखडाटाच्या वर आवाज काढून सांगितली, आणि माझ्या नवऱ्यानं, मारुतीरावांनी, ती त्याच आठवड्यात गावी पोचवली. मला आधी विचारलं असतं तर मी अडवलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आई आणि वहिनी दारात हजर. आईनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. चहासुद्धा न घेता म्हणाली, "जपानी लोकं आल्यात न्हवं? मला त्यास्नी इचारायचं हाय."

काय विचारायचं, ते कुणाला सांगावं लागलं नाही. जपान म्हणजे काय आपला आठवडी बाजार आहे का, कोण कुठला ते सगळ्यांना ठाऊक असायला, असं मी म्हणणार होते. पण तिच्याकडं बघून गिळलं.

चार वाजता आम्ही चौघं मांडवात. गर्दी बेळगावला शोभेल अशी, म्हणजे निम्मी जपान बघायला आणि निम्मी गर्दी बघायला. एका बाजूला कागदाच्या घड्या घालून बगळे करत होते. एकीकडे एका भांड्यात दोन वाकड्या काटक्या आणि एक फूल खोवून ठेवलं होतं, आणि लोक ते हात मागे बांधून बघत होते. मारुतीराव म्हणाले, आमच्या म्हशीच्या गव्हाणीत उरतं ते याहून देखणं असतं. वहिनी तोंडाला पदर लावून हसली. तिला हसताना बघून मला बरं वाटलं, फार दिवसांनी हसली होती.

पुढं फोटोंचं दालन होतं. पांढऱ्या टोपीचा डोंगर, देवळं, फुलांनी लगडलेली झाडं. आईला त्यात रस नव्हता. ती माणसांचे फोटो शोधत होती. बाजारातली गर्दी, रेल्वेचं ठेसन, बंदरावर उभे असलेले कामगार, असा फोटो आला की ती नाक लागेल इतक्या जवळ जाऊन एकेक तोंड बघायची. मग पुढचा फोटो. मागचे लोक ढकलत होते, कुणी कुरकुरत होतं, ती हलत नव्हती. बंदराच्या फोटोपाशी तर तिनं पाठमोऱ्या उभ्या माणसांच्या मानासुद्धा बघितल्या. मी भांडायच्या तयारीनं आले होते, पण ते बघून माझा सगळा आवेश गेला.

वहिनी दालनात आलीच नाही. बाहेर पिंपळाच्या पारावर बसून राहिली.

चहाच्या मांडवात एक साठीची जपानी बाई गुडघ्यांवर बसून हिरवा चहा घुसळत होती. तिच्याशेजारी कॉलेजातल्या एक बाई इंग्रजीचं मराठी करून सांगायला बसल्या होत्या. चहा कडू, साखरेचा पत्ता नाही, वर फेस. मारुतीरावांनी दोन घोट घेतले आणि वाटी अदबीनं खाली ठेवली ती ठेवलीच. आईनं मात्र औषध प्यावं तसा तो शेवटपर्यंत प्यायला, तोंड पुसलं आणि विचारलं. परशराम त्याचं नाव. उंच हाय, डाव्या भुवईवर खोक हाय, पान खातो. नऊ वर्सामागं बोटीवरनं उतरला.

कॉलेजच्या बाई गडबडल्या. हे कसं सांगायचं, म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, जसं बोलली तसं सांगा.

जपानी बाईनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घाई केली नाही. हसली नाही, हे मी तिचे उपकार मानते. मग हातातली चहा घुसळायची काडी खाली ठेवून ती सावकाश बोलली. ती डोंगराकडच्या गावात राहते, समुद्र तिथून लांब. बंदरांत परदेशी माणसं पुष्कळ येतात. तिनं असा कुणी पाहिलेला नाही, आणि पाहिला असता तर लपवलं नसतं. एवढं सांगून तिनं आईपुढं मान लववली. एव्हाना वहिनी आम्हाला शोधत मांडवात येऊन माझ्यामागं उभी राहिली होती. जपानी बाईनं ही कोण म्हणून विचारलं. त्याची बायको, असं सांगितल्यावर ती वहिनीकडं वळून काहीतरी बोलली.

कॉलेजच्या बाई म्हणाल्या, "त्या विचारतायत, तुम्हाला काय विचारायचं आहे?"

आमच्या घरात नऊ वर्षांत हा प्रश्न वहिनीला कुणी असा समोरून विचारला नव्हता. मीही नाही, मी विचारलं ते आडून. वहिनीनं आईकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"मला काय न्हाय इचारायचं," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. एखाद्या वाण्यानं आणखी काय देऊ म्हणून विचारल्यावर बाईमाणसानं नको म्हणावं, तसं. पण आई तिच्याकडं बघत राहिली. इतका वेळ फोटोतल्या परक्या तोंडांवर खिळलेले तिचे डोळे आता वहिनीच्या तोंडावरून हलेनात. उठताना तिनं माझा हात धरला, एरवी ती कुणाचा हात धरत नाही.

दिवेलागणीला सगळे तळ्याकाठी गेले. पातळ फळीवर चार काड्या, भोवती कागद आणि आत मेणबत्ती, असे दिवे फुकट वाटत होते. फुकट म्हटल्यावर मारुतीराव पुढं धावले आणि एक घेऊन आले. भोंग्यावरून आधी इंग्रजीत सांगितलं, मग कन्नडात. मराठीची पाळी येईपर्यंत भोंग्याचा घसा बसला होता. दिवा, पाणी, नाव, एवढं मला कळलं. मारुतीरावांना सगळंच कळलं. आपण कार्तिकात मलप्रभेत दिवे सोडतो तसंच हे, म्हणाले, ज्याचं भलं व्हावं त्याचं नाव लिहायचं. परशरामचं लिही, म्हणजे येईल परत. मीही मुलांच्या फळ्यावर लिहिते तशा ठसठशीत अक्षरात कागदावर लिहिलं, परशराम.

पायरीवर दिवे पेटवून द्यायला एक मुलगी उभी होती, शहापूरची असावी. तिनं मेणबत्ती पेटवली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "हे तुमचे कोण होते?"

होते. मी म्हटलं, होते म्हणजे? तेव्हा तिनं सांगितलं. जपानात वर्षातून एकदा मेलेली माणसं आपापल्या घरी येतात, म्हणे. दोन-चार दिवस घरच्यांत राहतात. मग त्यांना वाट दिसावी म्हणून त्यांच्या नावाचा दिवा पाण्यात सोडून निरोप देतात. तिकडं हा सण उन्हाळ्यात, इथं आपला पाहुण्यांच्या सोयीनं आज.

ज्या घरात पितृपक्षात वडलांचं पान वाढताना अण्णाचा विषयसुद्धा निघू द्यायचा नाही असा आईचा कायदा, तिथं मी माझ्या हातानं त्याचं नाव मेलेल्यांत लिहिलं होतं. मी कागद फाडायला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली.

तिनं दिवा माझ्याकडून घेतला. लुगडं सावरून पायरीवर बसली. मेणबत्तीच्या उजेडात तिचं तोंड दिसत होतं, आणि मला तिची भीती वाटली, कारण ते शांत होतं. तिनं वहिनीला शेजारी बोलावलं.

"मने, ऐक. त्यो जित्ता हाय. आईला कळतं. कोन काय बी म्हनू दे, जित्ता हाय. पर तुझ्यापुरता गेला."

वहिनी म्हणाली, आत्या, असं बोलू नगा. दिवा इझवा, घरला जाऊया.

"तुला काय इचारायचं उरलं न्हाय, ते मला आज कळलं. मीच खुळी, तुला माझ्यासंगं बसवून ठिवलं." मग मागं न बघता, "मारुतीराव, उद्या लोंढ्याला जावा. देवाप्पाला सांगा, मनीची सासू व्हय म्हनाली. आन मने, कुंकू पुसायचं न्हाय. एक दीस बी न्हाय. त्याच कपाळानं जायाचं."

वहिनीनं दोन्ही हातांत तोंड लपवलं. ती जी रडायला लागली, तसं नऊ वर्षांत तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. मी तिला धरून बसले आणि मीही रडले. आईचा केवढा राग केला होता मी, आणि आता तिच्यासाठीच माझा जीव तुटत होता. वहिनीला मोकळं करायचं म्हणून ती जिवंत पोराला हातानं मारत होती, आणि ते तिला लख्ख ठाऊक होतं.

आईनं वाकून दिवा पाण्यात सोडला.

तिकडं म्हणे हे दिवे नदीत सोडतात आणि नदी ते समुद्राला नेते. आमचं तळं. पाण्याला ओढ नाही, त्यात वारा काठाकडं. सगळ्यांचे दिवे थोडे आत जाऊन रेंगाळत होते. अण्णाचा दिवा हातभर गेला, गोल फिरला आणि परत आईच्या पायाशी येऊन पायरीला टेकला. नाव आमच्याकडं तोंड करून.

तिनं तो पुन्हा ढकलला, पुन्हा आला. लोक बघायला लागले. मारुतीराव कुठूनशी काठी घेऊन आले आणि म्हणाले, आई, मी लोटतो लांब. तिनं मानेनंच नको म्हटलं. लुगड्याचा ओचा वर खोवला आणि ती पाण्यात उतरली. जानेवारीची थंडी, पाणी बर्फासारखं. गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन तिनं दिवा दोन्ही हातांनी पुढं सारला आणि परत येऊ नये म्हणून मागून तळव्यांनी पाणी लोटत राहिली.

"जा रं बाळा," ती म्हणत होती. "आता मागं फिरू नगंस. जा."

वहिनी माझ्या हातातून सुटली आणि नेसत्या लुगड्यानं पाण्यात उतरून तिच्याजवळ गेली. मला वाटलं, तिला ओढून काठावर आणेल. तिनं आणलं नाही. ती सासूच्या शेजारी वाकली आणि तीही पाणी लोटायला लागली.