सहाची बोट

पाण्याकाठच्या इमारतीतला वन बीएचके विकायला निघाला होता, पण सोसायटीची कमिटी मुलाखत घेऊन पसंत करील त्यालाच मिळणार होता. नवऱ्याने पगाराच्या स्लिपांची फाइल पोटाशी धरली होती. सेक्रेटरींनी ती उघडलीसुद्धा नाही.

"संध्याकाळी सहाला घरी असता?"

"रोज!" मी ठोकून दिलं.

"चहात आलं घालता?"

"भरपूर!"

कमिटीच्या पाचही माना एकदम डोलल्या. आम्ही जिना अक्षरशः नाचत उतरलो.

घर विकणाऱ्या मावशींनी किल्ली देताना सहा कप मागेच ठेवले. "राहू दे गं, लागतील," म्हणाल्या आणि हसू दाबत निघून गेल्या.

पहिल्याच संध्याकाळी सहाच्या ठोक्याला बेल वाजली. दारात अख्खी कमिटी, प्रत्येकाच्या काखेत घडीची खुर्ची! समोर हॉटेल उभं राहिल्यापासून इमारतीत पाणी दिसणारी एकच खिडकी उरली होती, आणि ती आमच्या बेडरूमची होती. मंडळी सरळ आत शिरली, पलंग भिंतीला सरकवला आणि रांगेत बसली.

माझं डोकंच फिरलं. "अहो, ही बेडरूम आहे की थिएटर?"

"श्श! बघ तरी," खजिनदार काकूंनी बोट दाखवलं.

सोनेरी पाण्यावर पांढरीशुभ्र बोट डौलात वळली आणि थेट आमच्याकडे निघाली.

"आली!"

एवढ्या मोठ्यांदा कोण किंचाळलं म्हणून सगळ्यांनी दचकून मागे पाहिलं.

मीच होते.