गाळपेराची हद्द

कुणावर तरी संशय घेतल्याशिवाय गुरुलिंगअप्पांना सकाळचा चहा गोड लागत नसे. लातूर जिल्हा नवा झाला त्या साली पावसानं दडी मारली, पण अप्पांच्या संशयाला मात्र भरघोस पीक आलं. नव्या जिल्ह्यात आपलं ऑफिस उदगीरवाले पळवणार इथपासून ते दुकानातल्या गुळाला मुंग्या कुणी लावल्या इथपर्यंत.

तळ्याकाठच्या आमच्या नगरपालिकेचं पोट निजामाच्या काळापासून दोनच गोष्टींवर चालतं, आठवडी बाजार आणि तळं. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळाच्या पट्ट्या ती पेरायला देते. तिथलं टरबूज हैदराबादेपर्यंत जातं. त्या साली अप्पांच्या शेजारची पट्टी पहिल्यांदाच धुरपताबाईला मिळाली. बौद्धवाड्यातली एकटी बाई, पदरात दोन लेकी. हे बऱ्याच जणांना खुपलं आणि त्यात अप्पा पहिले.

एके सकाळी अप्पांनी काठावरच्या दगडापासून नजर लावली तर हद्द मध्येच वाकलेली. धुरपताबाईच्या वेलांच्या तीन ओळी त्यांच्या पट्टीत शिरलेल्या. मग ते दिवसभर कडुलिंबाआड दबा धरून बसू लागले. ती वाकली तरी संशय, उभी राहिली तरी संशय. शेवटी त्यांनी नगराध्यक्ष महादेवप्पांकडे तक्रार केली. अतिक्रमण ठरलं तर पट्टी वेलांसकट जप्त होणार होती, आणि धुरपताबाईचं सगळं वर्ष त्या वेलांवर होतं.

अप्पांना ठाऊक नव्हतं ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. घरची विहीर आटल्यापासून अप्पांची बायको नीलाबाई पहाटेच्या अंधारात धुरपताबाईच्या पट्टीत गाळात खणलेल्या झिऱ्याचं पाणी आणत होती. धुरपताबाईच्या पट्टीत मध्येच खडक लागला तेव्हा आपल्या पट्टीतली तीन ओळींची जागा नीलाबाईनंच तिला देऊन टाकली. अप्पांना सांगितलं होतं, पाणी मठाच्या आडाचं. ते पोटभर पिऊन अप्पा धुरपताबाईला चोर म्हणत.

मोजणीला अर्धं गाव जमलं. शिपायानं दोरी ताणली आणि तिन्ही ओळी अप्पांच्या हद्दीत निघाल्या. धुरपताबाई गप्पच. खरं बोलावं तर नीलाबाईच्या संसारात आग लागणार. तिच्या त्या गप्प बसण्याचा मला तर संताप आला. महादेवप्पांनी जप्तीचं नाव काढलं आणि नीलाबाई पदर सावरत पुढे आली.

"जागा म्या दिली," ती नवऱ्याला म्हणाली. "चार म्हैन्यापासून तिच्या झिऱ्याचं पाणी पिऊन राहिलात तुम्ही. रोजच्या लिंगपूजेला बी त्येच हाय."

अप्पांचा हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांना माहीत होतं. संशयाला जागाच उरली नाही, आणि मला पहिल्यांदाच त्यांची दया आली. मग ते पुटपुटले की तक्रार मागे घेतो, ओळी तिलाच असू द्या.

"न्हाई," धुरपताबाई म्हणाली. "ओळी तुमच्या हायेत, तुम्ही घ्या. झिरा माझा हाय. पाणी पाहिजे तर उद्यापासून सोता या, दिवसाढवळ्या, आन मागा."

दुसऱ्या दिवशी ऐन बाजाराच्या गर्दीतून अप्पा घागर घेऊन आले आणि झिऱ्यापाशी नुसतेच उभे राहिले. धुरपताबाईनं घागरीला हात लावला नाही. ते तोंडानं पाणी मागेपर्यंत ती थांबली.