जयसिंगरावांच्या रक्तातले बावन्न जादा

मिलच्या दवाखान्यात मी रक्तातल्या पेशी मोजायची. साळखात्यात माग चालवणाऱ्या जयसिंगरावांची बोटं आणि गुडघे सुजले होते. सूज खरी आहे असं कागदावर आलं तर त्यांना बसून करायचं काम मिळणार होतं. नाहीतर छाटणीच्या यादीत नाव पक्कं.

शंभर पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल अठ्ठ्याहत्तर, लिम्फोसाइट तेरा. सवयीने भागाकारही लिहिला: सहा. निरोगी माणसात तो दोनच्या आसपास असतो.

अहवाल टाइम ऑफिसात, हजेरी ठेवणाऱ्या चिंतामणजींकडे गेला. त्या महिन्यात त्यांच्याकडे फक्त छाटणीचे आकडे येत. दुसऱ्या दिवशी फलकावर नोटीस लागली: न्यूट्रोफिल खात्यात तेराच्या दुप्पट सव्वीस पुरेत, बावन्न जण जादा, सात दिवसांत हजर व्हावे.

"चिंतामणजी, त्या पेशी आहेत."

"असतील. टोकन नंबर नाही, म्हणजे रोजंदारीचे बदलीवाले. बुलाओ उनको."

मी सूक्ष्मदर्शक घेऊन गेले. एक डोळा मिटून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"काम काय करतात हे?"

"जिथे आग होते तिथे धावत जातात."

"यानी युनियनवाले!"

"पण सात दिवस टिकत नाहीत. दिवसभरात मरतात, रोज नवे येतात."

ते ताडकन उठले. "नवे? अरे, भरती तो बंद है! कुठून येतायत?"

"हाडांतून," मी म्हणाले. खोटं बोलणं मला जमत नाही.

दुपारी ते लाख, मेणबत्ती आणि पितळी शिक्का घेऊन आले. जयसिंगरावांच्या दोन्ही गुडघ्यांवर कापड गुंडाळून सील ठोकलं.

"हळू भिया, दुखतंय!"

"चोरून भरती करताना नाही दुखलं?"

सील केलेली वस्तू चौकशी संपेपर्यंत मिलबाहेर न्यायची नाही, असा नियम होता. म्हणून जयसिंगरावांना फाटकाशी खुर्ची दिली आणि छाटणीच्या यादीतून नाव काढलं.

महिन्याभरात माग थांबले. साळखातं गेलं, मग चौकशी समिती गेली. हजेरीपटावर जयसिंगराव आणि त्यांचं रक्त तपासायला मी, एवढेच उरलो.

भागाकार तीनवर आला. आरामाने की गोळ्यांनी, सांगता येत नाही.

"ताई, दोन झाला तर सील तोडणार?"

"चिंतामणजींच्या सहीशिवाय तोडता येत नाही."

"मग बोलवा त्यांना."

मी फाटकाबाहेर पाहिलं. चिंतामणजी सकाळीच स्वतःचं टोकन जमा करून, सायकल घेऊन निघून गेले होते.

जयसिंगरावांनी पाय सावकाश लांब केले.