दोन ब्रेकची गाडी परीक्षेला बसते

मी एक मोटारगाडी बोलतेय. वय एक्केचाळीस. रंग मूळचा दुधी, आता जरा साय धरलेला. आपलं वय आपण होऊन सांगू नये म्हणतात, पण माझं वय सरकारी कागदावर तीनदा तपासून झालंय, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. मग एका गृहस्थांनी मला घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या डाव्या बाजूला, चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटपुढे, आणखी एक ब्रेक आणि आणखी एक क्लच बसवून घेतला. याला डबल कंट्रोल म्हणतात. शिकणारा उजवीकडे, शिकवणारा डावीकडे. शिकणारा गांगरला की शिकवणाऱ्यानं आपल्या पायाजवळचा ब्रेक दाबायचा. साहेबांनी, म्हणजे त्या गृहस्थांनी, मोटार शिकवण्याचा वर्ग काढला होता.

पण शिकवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कुणी गिअर चुकवला की ते असे ओरडायचे, की शिकणारा तर सोडाच, शेजारून जाणारा सायकलवालाही घाबरून खाली उतरायचा. महिन्याभरात वर्ग ओस पडला. तेव्हा त्यांची बायको म्हणाली, "अहो, आधी मला शिकवा. बाकीच्यांचं मी बघते."

तिनं खरंच बघितलं. पुढची तेहतीस वर्षं सगळं गाव तिला 'बाई' म्हणत माझ्यात बसून शिकलं. साहेब घरी अर्ज आणि फायली सांभाळू लागले. सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला, माझाही.

किती तऱ्हेची माणसं पाहिली! एक शिंपी होता, वळण आलं की डोळे मिटायचा. एक मुख्याध्यापक गिअर बदलताना 'सॉरी' म्हणायचे, मलाच. त्रेसष्ट वर्षांच्या एक आजी आल्या होत्या. मुलगा नको म्हणत होता म्हणून त्याला न सांगता शिकल्या, आणि परवाना मिळाल्यावर त्याच्याच कचेरीपुढे मला उभं करून हॉर्न वाजवला. परीक्षेत कुणी नापास झालं की बाई एवढंच म्हणायच्या, "घरी जा, पोटभर जेव, सकाळी सहाला ये."

सुट्टीच्या दिवशी बाई चालवायच्या आणि साहेब डावीकडे बसायचे. त्यांचा पाय कायम त्या जादाच्या ब्रेकवर टेकलेला असायचा.

"विश्वास नाही वाटतं माझ्यावर?" बाई विचारायच्या.

"आहे की. पाय ठेवायला बरं वाटतं, इतकंच."

सहा वर्षांपूर्वी एका दुपारी साहेबांच्या छातीत दुखू लागलं. बाईंनी त्यांना धरून आणलं, बसवलं आणि दवाखान्याकडे निघाल्या. साहेबांचा पाय नेहमीच्या जागी होता. मोठ्या चौकात लाल दिवा लागला. बाई थांबल्या. आयुष्यभर लोकांना तेच शिकवलं होतं त्यांनी. दिवा हिरवा होण्याआधीच माझ्या डाव्या ब्रेकवरचा भार सैल झाला. मला कळलं. बाईंना नाही कळलं. दवाखान्याच्या दारात त्या म्हणाल्या, "अहो, उतरा. आलो आपण."

त्यानंतर बाई माझ्या स्टिअरिंगपुढे बसून कुठे गेल्या नाहीत. वर्ग बंद झाला. माझ्यावर ताडपत्री आली. दर रविवारी सकाळी त्या गॅरेजमध्ये यायच्या, थंड इंजिनासाठी असतो तो चोक ओढून मला सुरू करायच्या, पाच मिनिटं नुसत्या बसून राहायच्या आणि बंद करून जायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "गुडघे दुखतात हो हल्ली." गुडघे ठणठणीत होते. मी पाहत होते ना.

आणि मग यंदा एक सरकारी पत्र आलं. जुन्या गाड्यांसाठी नवा नियम निघाला होता. पस्तीस वर्षांपुढच्या प्रत्येक गाडीनं धुराची चाचणी द्यायची. पास झाली आणि मूळ रूपात असली, तर 'अभिजात वाहन' म्हणून नव्यानं नोंद. पहिल्यांदा नापास झाली तर महिन्याच्या आत आणखी एकच संधी. तीही हुकली तर नोंदणी रद्द आणि गाडी भंगारात.

बाईंची मुलगी तीन तासांवरच्या शहरात राहते. ती नवऱ्याला घेऊन आली. पत्र वाचून म्हणाली, "आई, देऊन टाक ना. तू चालवत नाहीस, कुणी चालवत नाही. कशाला हा व्याप?"

"एकदा परीक्षेला बसू दे तिला," बाई म्हणाल्या. "न बसवता कुणाला नापास केलेलं नाही मी."

"मग निदान ओळख तरी काढ. अर्धी परिवहन कचेरी तुझ्याच हाताखाली शिकलीय."

"धूर काय ओळख बघून कमी होतो?"

जावयांनी मला चाचणी केंद्रावर नेलं. हजारो माणसांना मी परीक्षेच्या मैदानावर नेलं होतं, पण आपण स्वतः रांगेत उभं राहणं वेगळं असतं बरं का. निळे हातमोजे घातलेल्या तपासनीसबाईंनी माझ्या धुराच्या नळीत एक लांब सळई सारली आणि यंत्राकडे पाहत राहिल्या. धुरातला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांच्या आत हवा होता. आकडा चढत चढत सात पूर्णांक दोनवर थांबला. मागच्या रांगेतले लोक नाकाला रुमाल लावून उभे होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आम्ही घरी आलो. बाईंनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि फोन लावला तो कानसेनना.

कानसेन म्हणजे आमचे जुने मेकॅनिक. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं सांगायचे, म्हणून हे नाव पडलं. आता त्यांना नीट ऐकू येत नाही. पण त्यांनी तोडगा काढलाय. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतात आणि मूठ दातांत धरतात. आवाज म्हणे हाडातून डोक्यात जातो. तसेच ते बराच वेळ वाकून उभे राहिले. मग मूठ पुसत सरळ झाले.

"इंजिन सोन्यासारखं आहे. चोकची झडप अर्धवट मिटून अडकलीय. हवा कमी, पेट्रोल जास्त. काळा धूर नाही तर काय गुलाबपाणी येणार?"

"कशानं अडकली?"

कानसेन जरा घुटमळले. "रागावू नका बाई. दर रविवारी तुम्ही हिला चोकवर सुरू करता आणि गरम व्हायच्या आत बंद करता. सहा वर्षं हिला नुसतं खोकायला लावलंत. मायाच ती, पण काजळी धरली ना."



कानसेननी दोन दिवसांत झडप मोकळी केली, कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले. जाताना म्हणाले, "आता परीक्षेआधी दोनशे किलोमीटर पळवा. औषध माझं, पथ्य तुमचं."

जावई कामावर परत गेले होते. मुलीनं किल्ली उचलली. बाई म्हणाल्या, "थांब. मी चालवते."

मुलीनं किल्ली त्यांच्या हातात दिली. मग डावीकडे येऊन बसली. याच गाडीत, याच आईकडून ती शिकली होती. आज जागा उलट झाल्या होत्या.

फाटकातून निघताना माझं इंजिन दोनदा बंद पडलं. "क्लच सावकाश सोड," मुलगी म्हणाली आणि एकदम जीभ चावली. बाईंना हसू फुटलं. तिसऱ्यांदा आम्ही निघालो.

मोठ्या चौकापर्यंत सगळं ठीक होतं. तिथे लाल दिवा लागला. बाई थांबल्या. दिवा हिरवा झाला, तरी थांबलेल्याच. मागून हॉर्न वाजू लागले. मुलीनं आपल्या पायाजवळचा ब्रेक दाबून धरला, हात बाहेर काढून मागच्यांना पुढे जायला सांगितलं आणि विचारलं, "आई, काय झालं?"

"इथेच थांबले होते गं मी. ते शेजारी बसले होते आणि मी दिवा बघत थांबले. तशीच गेले असते तर..."

मुलगी त्यांच्याकडे वळून बसली. मग म्हणाली, "आई, डॉक्टरांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. घरातून निघालात तेव्हाच फार उशीर झाला होता. अर्धा तास आधी पोचलात तरी काही होणार नव्हतं. मला वाटलं, तुलाही सांगितलं असेल."

"मला कुणी काही सांगितलं नाही."

"आणि मी कधी विचारलं नाही. चुकलंच माझं."

मध्ये किती दिवे लाल-हिरवे झाले, मी मोजले नाहीत. बाईंनी पदरानं डोळे पुसले, आरसा नीट केला, पहिला गिअर टाकला. त्या दिवशी आम्ही एकदम नव्वद किलोमीटर गेलो. तलावाच्या रस्त्यावर बाईंनी मला अशी पळवली की मुलीला म्हणावं लागलं, "आई, जरा हळू!" सहा वर्षांची काजळी माझ्या छातीतून भसाभस बाहेर पडत होती. माझ्या एकटीच्याच नव्हे.

दोनशे किलोमीटर पुरे झाल्यावर दुसऱ्या चाचणीला बाईंनी मला स्वतः नेलं. तीच सळई, तेच यंत्र. आकडा एक पूर्णांक नऊवर थांबला. तपासनीसबाईंनी यंत्रावर टिचकी मारून पुन्हा मोजलं. एक पूर्णांक आठ.

"पास," त्या म्हणाल्या. मग आत वाकून पाहिलं. "पण ही जादाची पेडलं मूळची नाहीत. अभिजात म्हणून नोंद हवी असेल तर काढावी लागतील."

मुलीनं आईकडे पाहिलं.

"काढा," बाई शांतपणे म्हणाल्या. "पाय ठेवायला बरं वाटायचं एका माणसाला. आता नाही लागत."

त्या जागी आता चार बुजवलेली भोकं आहेत आणि नवी चटई. मला खरंच हलकं वाटतं. काचेवर नोंदणीची चिठ्ठी आहे, पुढच्या पाच वर्षांची.

तुमच्याकडेही कुणी ताडपत्रीखाली असेल, तर एवढं ऐका. दुरून माया करू नका. बाहेर काढा, लांब फिरवून आणा.

बाई आल्या वाटतं. हातात पिशवी, खांद्याला पाण्याची बाटली. आज आम्ही दोघीच निघालोय, तीन तासांवरच्या शहराला. मुलीचा फोन चालूच आहे, "आई, कुठवर आलीस ते मधून मधून कळव हं."

"गाडी चालवताना फोन घेत नाही मी," बाई म्हणाल्या. "जेवायला पानं मांडून ठेव."