फॅट मशीनखालचं पाकीट

माझ्या हातून चुका बऱ्याच झाल्या, पण लेखी एकच आहे. ती आमच्या दूध संस्थेच्या प्रोसिडिंगमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे आणि तिची एक झेरॉक्स गावात भलत्याच ठिकाणी जाऊन बसली आहे. ती तिथं कशी पोचली ते सांगतो.

मी निवृत्ती, वडवणीच्या अलीकडच्या एका गावातल्या दूध उत्पादक सहकारी संस्थेचा सचिव. सचिव म्हणजे दोन्ही वेळेला दूध मोजून घ्यायचं, मशीनवर फॅट काढायची आणि फॅट कमी लागली की सभासदांच्या शिव्या खायच्या. फॅटचं मशीन सपाट ठेवावं लागतं, नाहीतर आकडा चुकतो. आमच्या टेबलाचा एक पाय आखूड. त्यामुळे मशीनखाली काहीतरी जाडसर सारून ठेवायची माझी जुनी पद्धत होती. लग्नपत्रिका, खताच्या जाहिराती, जे हाताला लागेल ते.

एकोणीस सालचा उन्हाळा होता. विहिरी कधीच्या तळाला गेल्या होत्या. संस्थेची पिकअप सकाळी दुधाच्या कॅन घेऊन वडवणीच्या शीतकरण केंद्राला जायची आणि परत आली की तिच्या हौद्यात पाण्याची टाकी चढायची. तलावाखालच्या विहिरीवरून पाणी आणून सभासदांच्या जनावरांना वाटायचं. पाणी असेल तर म्हैस टिकणार, म्हैस टिकली तर दूध, दूध असेल तर संस्था. म्हणजे सगळी संस्थाच त्या चार चाकांवर उभी होती.

ती चालवायचा म्हाळू. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला, पण गाडीचा शौकीन. गाडी घेतली त्या दिवशी त्यानं चेसीवरचा नंबर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं घासून काढला होता. चेसी म्हणजे गाडीचा सांगाडा, दोन लांब लोखंडी पट्ट्या, ज्यांच्यावर केबिन, हौदा आणि सगळा भार बसतो. नोंदणीसाठी असा पेन्सिलीचा ठसा लागतो. म्हाळूनं दोन काढले. एक फाइलीसाठी दिला आणि दुसरा घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, घरी ठेवतो.

टाकीवर त्यानं पाऊण उंचीला लाल रंगाची रेघ ओढली होती. पाणी रेघेपर्यंत आलं की पाइप काढायचा. बायका रोज भांडायच्या, आणखी चार बादल्या बसतात की म्हणायच्या. हा ऐकून घ्यायचा आणि गाडी सुरू करायचा. मला त्याचा हा ताठा आवडायचा नाही, हेही सांगून टाकतो.

आखाजीनंतरच्या आठवड्यात टाकी घेऊन येताना उतारावर गाडीनं मोठा आवाज केला आणि हौदा मागं झुकला. केबिनच्या मागं चार बोटांवर चेसी तडकली होती. कुणाला खरचटलं नाही. पाणी मात्र सगळं रस्त्यावर गेलं आणि ते वाळायलाही वेळ लागला नाही. आम्ही धावत पोचलो तेव्हा म्हाळू गाडीखाली आडवा होऊन ती भेग बघत होता.

माझा स्वभाव असा की राग आधी येतो आणि चौकशी नंतर होते, झाली तर. अध्यक्ष आप्पाराव अजून धाप टाकत होते, तोवर मी सगळ्यांदेखत तोंड सोडलं होतं. आमच्या पाठीमागं टाकी काठोकाठ भरत असशील, फुकटचं लोखंड आहे का, असं बरंच काही बोललो. म्हाळू उठला, हात पुसले आणि म्हणाला, “रेघेच्या वर पाणी गेलं न्हाई, भाऊ. बायांना इचारा.”

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर रोज भांडणाऱ्या बायांनीच साक्ष दिली असती.

संध्याकाळी बैठक झाली आणि त्याला काढला. ठराव मी लिहिला: चालक श्री. म्हाळू यांनी घरगुती कारणास्तव काम सोडल्याने नवीन चालक नेमण्यात यावा. सहकारात लिहायची एक भाषा असते. तिच्यात कुणी चुकत नाही, कुणाला काढत नाहीत, सगळं आपोआप घडतं आणि सर्वानुमते मंजूर होतं. मला तर वाटलं, त्याची अब्रू राखली, उपकारच केले. पण कागदावर काय आहे ते कपाटात राहतं, आणि मी रस्त्यावर जे ओरडलो ते वडवणीपर्यंत गेलं. दोन गाडीवाल्यांनी म्हाळूला, चेसी मोडणारा नको, म्हणून परत पाठवलं. तो आईच्या मेंढरांमागं फिरू लागला. रस्त्यात भेटला की मान हलवायचा, बोलायचा नाही.

गाडी आम्ही मांजरसुंब्याच्या मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेतली. त्यानं दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या मारल्या आणि आता हत्ती बसला तरी हलणार नाही म्हणाला. आम्ही खूश.

आषाढ लागला तरी पाऊस नव्हता. पशुखाद्य आणायला बीडला गेलो होतो. येताना मिस्त्रीला गाडी दाखवायला मांजरसुंब्याला वळलो आणि तिथल्या धाब्यावर चहाला थांबलो. शेजारी आमच्यासारखीच पिकअप उभी होती. सहज वाकून बघितलं, तर केबिनच्या मागं चार बोटांवर तशीच पट्टी. पलीकडे आणखी एक होती, तिलाही तीच. तिचा ड्रायव्हर केजकडचा होता. त्यानं सांगितलं की त्या खेपेच्या गाड्यांची चेसीच कंपनीकडून कच्ची निघाली आहे, जोडावर तडकते, आणि कंपनी फुकट बदलून देते. “पत्र न्हाई आलं का तुमाला?” म्हणून त्यानं केबिनमधून पाकीट काढून दाखवलं. जाड पाकीट, कडेला निळा पट्टा.

मी चहाचा कप खाली ठेवला. तो निळा पट्टा मी दोन्ही वेळेला बघत होतो. फॅट मशीनखालून तो बोटभर बाहेर डोकावत असे.

संस्थेत येऊन दार लोटलं, मशीन उचललं आणि पाकीट पहिल्यांदा फोडलं. इंग्रजीच्या पाठीमागं मराठीतही लिहिलं होतं. ग्राहकांच्या समाधानासाठी मोफत तपासणी मोहीम, अमुक काळात तयार झालेल्या काही वाहनांच्या चेसीची पाहणी, आवश्यकता भासल्यास भाग बदलून देण्यात येईल. आमची चेसी खराब आहे असं अख्ख्या पत्रात कुठं नाही. वाचता वाचता मला ओळख पटली. त्या कंपनीतही कुणीतरी माझ्यासारखा सचिव बसला होता.

मग मी टपालाचा शिक्का बघितला. गाडी तडकली त्याच्या अठरा दिवस आधीचा होता. म्हणजे ते पाकीट तेव्हाच फोडलं असतं, तर गाडी त्या उतारावर गेलीच नसती आणि म्हाळूही मेंढरांमागं गेला नसता. मला शरम वाटली, पण त्याच्याही आधी भीती वाटली. कोपऱ्यात चहाचा स्टोव्ह होता. पाकीट घेऊन मी स्टोव्हपर्यंत गेलो होतो, हे कबूल करतो. काडी ओढली नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी बीडला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथल्या साहेबानं नंबर कॉम्प्युटरवर बघितला. गाडी यादीत होती, नवी चेसी मिळणार होती. फक्त फॉर्मवर चेसी नंबरचा पेन्सिल ठसा चिकटवायचा होता. गाडीखाली गेलो तर मिस्त्रीची पट्टी नेमकी त्या नंबरावर बसलेली. पट्टी कापली तर नंबर जाईल, म्हणाला साहेब. गाडी घेतानाचा मूळ ठसा असेल तर चालेल. संस्थेच्या फाइलीतला ठसा नोंदणीच्या कचेरीत गेलेला, आमच्याकडे नुसती झेरॉक्स होती. ती चालत नव्हती. मूळ ठसा एकाच माणसाच्या खिशातून त्याच्या घरी गेला होता.

म्हाळूच्या घरी गेलो तेव्हा तो वाघूर बांधत होता, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. त्याची आई कडूबाई उंबऱ्यावर बसली होती. मी कंपनीचं सांगितलं, कच्च्या चेसीचं सांगितलं, इतर गाड्यांचं सांगितलं. म्हाळूच्या तोंडावर असा उजेड आला की मला तिथंच थांबावंसं वाटलं. पाकिटाचं मी अजून बोललो नव्हतो. कडूबाई आत गेली आणि देव्हाऱ्यातून तो कागद घेऊन आली. बिरोबाच्या टाकाशेजारी ठेवलेला, कडेला हळद लागलेली. पोराची पहिली गाडी म्हणून तिनं तो तिथं ठेवला होता. गाडी गेली तरी काढला नव्हता.

कागद हातात देता देता म्हाळूनं विचारलं, “पत्र कवा आलतं, भाऊ?”

आता आलं म्हटलं असतं तर खपलं असतं. पण त्या हळदीनं माझी बोटं पिवळी झाली होती आणि खोटं काही सुचेना. मी म्हणालो, “आधी आलतं. अठरा दिवस आधी. मी मशीनखाली घातलं.”

जाळीची गाठ म्हाळूनं सोडली आणि पुन्हा बांधली. मग त्याला काढताना कागदावर काय लिहिलं, ते त्यानं विचारलं. मी ठराव जसाच्या तसा म्हणून दाखवला.

“घरगुती कारन?” तो म्हणाला. “माझ्या घरात काय झालतं?”

त्यानंच पुढं सांगितलं, “कागद न्या. गाडी गावाची हाय, जनावरं तहानलेली हायती. पर जे झालं ते लिवा. तुमी लई चांगलं लिवता.”

हा शेवटचा टोला होता आणि तो बरोबर बसला.

बैठकीला नेहमी सात जण असतात, त्या दिवशी पन्नास होते. दूध घालायला आलेल्या बायाही थांबल्या आणि रेघेवरून आपण कशा भांडायचो ते त्यांनी विचारण्याआधीच सांगितलं. आप्पाराव माझ्या कानाशी लागले. तांत्रिक अडचणीमुळे असं लिहा, पाकिटाचं कशाला, संस्थेची शोभा होते. मी म्हणालो, शोभा माझी होतेय, होऊ द्या. आणि उभं राहून वाचलं:

“गाडीची चेसी कंपनीकडूनच खराब आली होती. तसे पत्र आधीच आले होते. ते सचिव निवृत्ती यांनी न वाचता फॅट मशीनखाली ठेवले. म्हाळू यांनी कधीही जादा भार भरला नाही. म्हाळू यांची काही चूक नव्हती. त्यांनी काम सोडले नव्हते, आपण त्यांना काढले होते.”

सहकारात असा ठराव आधी कुणी लिहिला असेल असं मला वाटत नाही. तोही सर्वानुमते मंजूर झाला.

तीन आठवड्यांनी नवी चेसी बसली. म्हाळू पुन्हा गाडीवर आला, टाकीवरची रेघ त्यानं नव्यानं रंगवली, आणि बायका पुन्हा भांडायला लागल्या. मशीनखाली आता फरशीचा तुकडा आहे. संस्थेत कुठलंही पाकीट आलं, अगदी बियाण्याच्या जाहिरातीचं असलं तरी, म्हाळू ते माझ्यासमोर धरतो आणि फोडून होईपर्यंत हलत नाही. मी चिडतो आणि फोडतो.

ठसा कंपनीच्या फॉर्मला चिकटून गेला तो गेलाच. देव्हाऱ्यातली जागा रिकामी झाली, म्हणून कडूबाईनं ठरावाची झेरॉक्स मागून घेतली आणि बिरोबाच्या शेजारी ठेवली. त्यावर रोज हळद पडते. तिला वाचता येत नाही. मी त्या घरी गेलो की चहाच्या आधी तो कागद माझ्या हातात येतो आणि ती म्हणते, “वाच, बाबा.” माझं नाव येतं तिथं ती पदराआड हसते. म्हाळू यांची काही चूक नव्हती, या ओळीला ती हात जोडते, आणि ती ओळ मी दोनदा वाचतो.