सहाव्या वर्षाचा ठिपका

उरले ०७:१०

प्रश्न ३१. आडव्या अक्षावर अनुभवाची वर्षं, उभ्यावर तासाला भरलेले खोके. विखुरलेले ठिपके, मधून एक तिरकी रेषा. रेषेनुसार, सहा वर्षं अनुभव असलेला कामगार तासाला किती खोके भरेल?

सहावरून बोट वर सरकवलं. ठिपका छत्तीसवर. छत्तीस. पुढे.

प्रश्न ३२. तेच, चार वर्षांसाठी. ठिपका एकोणीसवर. पुढे.

सवयच आहे. सतरा वर्षं शीतगृहात दर तासाला तापमानाचा काटा वाचून वहीत लिहिते. काट्यावर दिसत नाही तो आकडा लिहायचा नाही. मागे एकाने अंदाजाने लिहिला, तर दुसऱ्या दिवशी घरी बसला. मला तिथे काटेबाई म्हणतात.

ही पर्यवेक्षकाची परीक्षा. तिसरी खेप, आणि वयामुळे शेवटची. छत्तीसपैकी चोवीस हवेत. नाही मिळाले तर निवृत्तीपर्यंत उणे अठरा अंशांत. बोटांनी आत्ताच ब्लाउजचे हूक लागत नाहीत.

उरले ०४:३०

प्रश्न ३३. सात वर्षं.

सातवर ठिपकाच नाही.

खाली अक्ष. वर कोरी जागा. कोऱ्या जागेतून जाणारी

रेषा.

रविवारी लेक ओट्यावर बसून वैतागली होती.

"आई, ठिपका म्हणजे झालं ते. रेषा म्हणजे अंदाज. कोणाबद्दल विचारलंय ते आधी वाच ना!"

"झालेलं समोर असताना अंदाज कशाला विचारतील?"

"कारण त्यांना काटेबाई नकोय, पर्यवेक्षक हवाय!"

तेव्हा हसले होते. आता बोट रेषेवर नेलं.

सातवर रेषा तेहतीसला. तेहतीस. म्हणजे ३१ चुकला. ३२ पण.

उरले ०१:२०

मोजलं. खात्रीचे बावीस. पुढे तीन न वाचलेले, लांबलचक. तिथे तुक्का मारायचा. नाहीतर मागे जायचं, दोनच, पण पक्के.

'मागे' दाबलं. पान उघडेना. केंद्रावरच्या साहेबांना हात केला.

"साहेब, हे अडकलंय."

"घाई करू नका मावशी, परत परत दाबलं की आणखी अडकतं."

घाई करू नका म्हणे!

उरले ००:३१

३२ उघडला. चारवर रेषा... बावीस? नाही, एक चौकट दोनची. चोवीस. जतन.

मागे.

उरले ००:०९

३१. सहावर रेषा तीस. छत्तीसची खूण काढली, तीसवर केली, जतन कुठे गेलं, खाली, खाली ओढ, हे

वेळ संपली.

पडदा पांढरा. एक चाक फिरतंय. ते तीसवर दाबलं गेलं की नाही, मला माहीत नाही. शेजारचा खुर्ची सरकवून उठला. चाक फिरतंय.

२४. पात्र.

"मावशी," साहेब खाली वाकून म्हणाले, "माऊस सोडा आता. पुढची बॅच दारात उभी आहे."

सोडते म्हटलं. बोटं उघडेनात.