छोटूचे डोळे

भंडाऱ्याच्या म्युझियममध्ये सगळी चित्रं एकट्या डोमा पेंटरची. डोमा मेला, अन् साहेब लोकांनी बपेरा गावात येऊन रेवताबाईच्या घराची भिंतच कापून नेली. त्या भिंतीवर डोमानं कधीकाळी कोळशानं तिच्या धाकट्याले, छोटूले काढलं होतं. खांद्यावर जाळं, अन् चेहरा बिनडोळ्याचा. डोमाची पद्धतच तशी, म्हणे.

चित्र काढलं त्याच साली छोटू तलावात बुडाला. मंग रेवताबाईनं स्वतःच काजळाचं बोट फिरवून त्याले डोळे दिले. दरसाल पितराच्या दिवशी ते गडद करायची अन् मंगच वाढायची. आंधळ्याले पान कसं दिसन?

भिंतीच्या बदल्यात थोरल्या लिलाधरले म्युझियमची चौकीदारी भेटली.

यंदा पितराले रेवताबाई बुढी पहिल्या एसटीनं भंडाऱ्याले आली. पळसाच्या पानात वडा-भात.

"कायले आली वं माय? अंदर खायले मनाई आहे."

"मी कुठं खाऊन राहिली? तुह्या भावाले वाढाचं आहे."

लोकं अजून यायचे होते. लिलाधरनं तिले गुपचूप अंदर घेतलं. भिंतीपुढं बुढी थबकलीच.

"डोळे कोणं फोडले रे याचे?"

"फोडले नाही, माय. मुंबईची मॅडम आलती साफसफाईले. म्हणे हे डोमाचं नोहे, मागून कोणीतरी लावलं. पुसलं तिनं."

"कोणीतरी? अन् तू कुठं होता?"

"इथंच."

"मंग त्याच्या मायनं लावलं म्हणून सांगाले काय झालतं? पगाराचा भात भरला होता तोंडात?"



बुढीनं कमरेची काजळाची डबी काढली. बोट बुडवलं अन् चित्रापुढची दोरी वलांडली. वर कॅमेऱ्याचा लाल दिवा जळत होता.

"माय, नोको! नोकरी जाईन माही. खुशी पोरीची शाळा आहे."

ती थांबेना. त्यानं तिचं मनगट धरलं. तिनं हिसका दिला, तसं त्यानं पिरगळलं. बुढी कण्हली. काजळ त्याच्या खाकी बाहीले फासलं. मंग तिनं हात ढिलाच सोडला अन् खाली बसली.

पान त्याच्यापुढं सरकवलं.

"घे. तूच खाय. त्याले काई दिसत नाही आता."

पितराच्या अगोदर घरच्यानं घास घ्याचा नाही, हे लिलाधरले लहानपणापासून ठावं. पण मायनं त्याच पिरगळलेल्या हातानं घास उचलून वर धरला होता. कॅमेऱ्याखाली, छोटूकडं पाठ करून, त्यानं वाकून तोंड उघडलं.